घासावी न लागणारी भिंत

"ह्या फटींत काळं धरतं का हो?" शोरूमच्या पलीकडच्या टोकाकडून कुणीतरी विचारलं, आणि बिर्टेच्या हातातला कॉफीचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. प्रश्न नेहमीचाच होता. बाथरूमचं सामान विकण्यात उभं आयुष्य गेल्यावर हा प्रश्न झोपेतही ऐकू येतो. तरुण जोडपी नळाचा रंग विचारतात, चाळिशीतली माणसं किंमत विचारतात, आणि साठी उलटली की सगळे फटींवर येतात. पण हा आवाज तिच्या ओळखीचा होता. नमुन्यादाखल मांडलेल्या शॉवरमध्ये एक माणूस तिच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला होता आणि नखानं दोन टाइलांमधली रेघ खरवडत होता. खरवडून झालं की ते नख डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. मानेवरचे केस पांढरे झाले होते, पण डाव्या कानामागचा भाजल्याचा डाग, शिपयार्डात वेल्डिंग करताना ठिणगी उडून पडलेला, होता तिथेच होता. प्रेबेन. घटस्फोटानंतर ओडेन्सेसारख्या एवढ्याशा शहरात तो तिला अधूनमधून लांबून दिसला होता. एकदा स्टेशनवर, एकदा बाजारात बटाटे निवडताना. दोन्ही वेळा तिला फारसं काही वाटलं नव्हतं. आज नुसता दिसला असता तरी वाटलं नसतं. पण त्याच्या तोंडून तो प्रश्न ऐकला आणि तिनं कप न पिताच खाली ठेवला.

कारण या माणसाला फट म्हणून काही असते हेच माहीत नव्हतं. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाथरूम एवढीशी होती, की दार उघडलं तर बेसिनला थडकायचं. शहराचं पाणी जड. नळ, काच, टाइल, सगळ्यावर दोन दिवसांत क्षारांचा पांढरा थर चढायचा, आणि त्याखाली फटी आधी करड्या, मग काळ्या व्हायच्या. दर शनिवारी सकाळी ती व्हिनेगरची बाटली आणि जुना टूथब्रश घेऊन गुडघ्यांवर बसायची. बाहेर प्रेबेन बनला लोणी लावत रेडिओवर हँडबॉलचा सामना ऐकत असायचा, आणि गोल झाला की ओरडून तिला सांगायचा, जणू ती त्यासाठीच आत थांबली होती. तिला राग यायचा आणि ती तो ब्रशात घालायची. एकदा मात्र, फक्त एकदा, तो अंघोळ करून बाहेर आला तेव्हा त्यानं काच पुसलेली होती. वायपर फिरवून, अगदी खालपर्यंत. तिनं पाहिलं, कोपऱ्यांत पाण्याचे ओघळ राहिले होते. तिनं काही न बोलता वायपर उचलला आणि सगळी काच पुन्हा पुसली. पुसता पुसता तिला आरशात दिसलं की तो दारात टॉवेल गुंडाळून उभा आहे आणि बघतो आहे. त्यानंतर त्यानं वायपरला कधी हात लावला नाही. तो निघून गेला तेव्हा म्हणाला होता, "बिर्टे, हे घर इतकं स्वच्छ आहे की मी कुठे बसू तेच मला कळत नाही." ते वाक्य तिनं अनेक वर्षं त्याच्या नावावर, त्याच्या दोषांच्या खात्यात धरलं. पुढे कधीतरी, एकटीनं राहायची सवय अंगात मुरल्यावर, ते वाक्य सोडून आरशातला तो टॉवेल गुंडाळलेला माणूसच तिला जास्त आठवू लागला. कुणाला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. एक पुन्हा पुसलेली काच, एवढंच तर.

"अहो, विचारतोय मी," म्हणत तो वळला, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. "बिर्टे!"

"धरतं," ती म्हणाली. "सिमेंटच्या फटीत धरतंच. जरा जास्तीचे पैसे टाकून रेझिनची भरून घेतली तर उशिरा धरतं."

"अच्छा." तो उठायला लागला. एक गुडघा उठेना, तेव्हा तिनं हात पुढे करायचा की नाही हा विचार केला, आणि तेवढ्यात तो काचेला धरून उभा राहिलासुद्धा. काचेवर त्याचा अख्खा पंजा उमटला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"पुसू नकोस," मागून एक खणखणीत बाईचा आवाज आला. "तेवढं तरी राहू दे आमची खूण म्हणून." टाइलांच्या रॅकमधून एक चाकाची खुर्ची पुढे आली. खुर्चीत रुंद खांद्यांची, आखूड कापलेल्या केसांची एक बाई होती. खांदे पोहणाऱ्या माणसाचे, आणि पाय गालिच्याच्या गुंडाळीसारखे एकमेकांना टेकवून ठेवलेले. "मी टोवे. तुला माहीतच असेल. मला तर तू माहीतच आहेस. मीच आणलं ह्याला इथं, हा यायलाच तयार नव्हता. म्हटलं, गावात बाथरूममधलं सगळ्यात जास्त कुणाला कळतं ते मला बाकीच्या तीन दुकानदारांनी सांगितलंय, आता तू लाजतोस म्हणून मी काय वाईट बाथरूम घेऊ?"

"तुम्हाला काय हवंय ते सांगा," बिर्टे म्हणाली.

"तुम्ही? अगं, एकच नवरा वापरलाय आपण दोघींनी. तू म्हण."

प्रेबेनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बिर्टेला हसू आलं, आणि आपण हसलो याचं तिला नवल वाटलं.

टोवेला मज्जातंतूंचा आजार होता. पाय गेले होते, हात जाण्याच्या वाटेवर होते. केर्टेमिंदेला बंदराजवळ त्यांचं घर होतं, आणि घरातली टबाची बाथरूम आता उपयोगाची राहिली नव्हती. खुर्चीसकट आत जाता येईल असा सपाट शॉवर करायचा होता. हे सगळं टोवेनं दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल बोलावं तसं सांगितलं. बिर्टेनं आपलं काम सुरू केलं. काम सुरू झालं की ती सावरायची. तिनं दगड दाखवला आणि लगेच बाजूला सारला, कारण दगड पाणी पितो, त्याला वर्षाला तेल पाजावं लागतं आणि लिंबूसत्व लागलं की तो डागाळतो. मोठ्या टाइल दाखवल्या, फटी कमी म्हणून. मग अख्खी पॅनेल दाखवली, जमिनीपासून छतापर्यंत एकसंध, करड्या वाळूच्या रंगाची, भिंतीला चिकटवून टाकायची. फट नाहीच. कोपऱ्यात सिलिकॉनची एक रेघ, बस्स. "वायपर एकदा फिरवायचा, झालं," ती म्हणाली. "घासायचं असं काही नाहीच ह्यात."

प्रेबेननं पॅनेलवरून तळहात फिरवला. सिलिकॉन बुरशीरोधक आहे का विचारलं. पाणी खाली नीट निथळतं का, कडेला साचतं का, खुर्चीची चाकं ओली फिरली तर चरे पडतात का, व्हिनेगर चालतं का, विचारलं. प्रत्येक प्रश्न बरोबर होता. बिर्टे उत्तरं देत होती आणि आतल्या आत कुणीतरी तिला विचारत होतं, हा हे कधी शिकला? कुठल्या वर्षी, कुठल्या सकाळी ह्यानं पहिल्यांदा गुडघे टेकले? आणि त्या बाईनं तेव्हा काय केलं? बघितलं नसेल. मागे वळूनसुद्धा बघितलं नसेल तिनं, ओघळ राहिले की नाही ते.

टोवे मात्र पॅनेलकडे बघतच नव्हती. तिनं खुर्ची वळवून मागच्या भिंतीपाशी नेली होती. तिथे समुद्राच्या हिरव्या रंगाची मोझॅक लावलेली होती, अंगठ्याच्या नखाएवढ्या टाइल, एकीचा रंग दुसरीशी पुरता न जुळणारा. "ही," ती म्हणाली. "म्युनिसिपालिटीच्या तलावात हीच होती. जुन्या तलावात. मी तिथं पोरांना पोहायला शिकवायचे ना. पोर घाबरलं की मी सांगायचे, खाली बघ, तळाशी बघ, हिरव्या टाइल मोज. मोजता मोजता हात सुटायचा माझा आणि पोराला कळायचंसुद्धा नाही." तिनं बोटं वाकवून त्या टाइलांवर ठेवायचा प्रयत्न केला. "पाण्याखाली हा रंग नसला तर मला ते पाणी वाटतच नाही."

बिर्टेनं खरं ते सांगितलं. "हिच्यात नुसत्या फटीच फटी आहेत. ह्या पाण्याला हिच्याएवढं कटकटीचं काही नाही. रोज पुसावं लागेल, आठवड्याला घासावं लागेल, एकेक रेघ."

"मी घासेन," प्रेबेन म्हणाला.

सहज म्हणाला. मीठ दे म्हटल्यावर माणूस घे म्हणतो तसं. हे दोन शब्द ऐकायला बिर्टेनं काय काय दिलं असतं, आणि ते या दुकानात, गिऱ्हाइकाच्या तोंडून, दुसऱ्या बाईसाठी, तिच्या समोर सांडले गेले होते. टोवे म्हणाली, "पार्किंगची वेळ संपत आली असेल बघ. काचेमागचं पार्किंगचं घड्याळ पुढे करून ये, नाहीतर दंड लावतील." तो चाचपडत किल्ली शोधत बाहेर गेला. काचेचं दार त्याच्यामागे मिटल्याबरोबर टोवेचा चेहराच बदलला. थट्टेचा रंग उतरून नुसती थकलेली एक बाई समोर राहिली.

"ऐक, तो येईल लगेच. ही टाइल मिळत नाही असं सांग त्याला."

"पण तुला तर..."

"मला हवीय गं. हवीय म्हणूनच. डॉक्टर मला फार आशा दाखवत नाही आणि मीही विचारत नाही. हा शॉवर मी किती दिवस वापरणार? नंतर त्यात हाच उभा राहणार आहे एकटा. तुला माहीत नाही तो कसा झालाय ते. मी गेल्यावर हा दर शनिवारी ब्रश घेऊन त्या हिरव्या टाइलांपुढे बसेल. एकेक रेघ. कुणाशी बोलणार नाही, कुठे जाणार नाही, माझं थडगं घासावं तसा बाथरूम घासत बसेल मरेपर्यंत. मला नकोय ते. त्याला ती करडी लाव, पुसली की विसरता येईल अशी. म्हणजे तो बाहेर पडेल, होडीवर जाईल, माणसांत जाईल."

"तूच का सांगत नाहीस, करडी आवडली म्हणून?"

"माझं खोटं त्याला लगेच कळतं. तुझं कळणार नाही." मग जरा थांबून, "आणि मी गेल्यावरसुद्धा सांगायचं नाही. सांगितलंस तर तो भिंत फोडून ती टाइल लावेल. ओळखते मी त्याला. शब्द दे."

तो दारातून आत येत होता. बिर्टेनं मान हलवली. आणि तो जवळ आल्यावर, दुकानदाराच्या सपाट आवाजात, ही मोझॅक नुसती भिंतीवर नमुन्याला उरली आहे, माल येणं थांबलंय, असं सांगितलं. मागच्या गोदामात त्या टाइलची खोकी छतापर्यंत रचलेली होती.

मापं घ्यायला ती केर्टेमिंदेला गेली तो दिवस वाऱ्याचा होता. घरात शिरल्याबरोबर तिचं लक्ष सवयीनं कोपऱ्यांकडे गेलं. घर स्वच्छ होतं असं म्हणता आलं नसतं. वर्तमानपत्रं, बोळा होऊन पडलेली चादर, खिडकीत वितळून चिकटलेल्या मेणबत्त्या. फक्त बाथरूम लखलखत होती. जुनाट पांढऱ्या टाइल, टबाच्या कडेला पकडायचा लोखंडी दांडा त्यानं स्वतः वेल्ड करून बसवलेला, आणि एकही फट काळी नाही. ती टेप धरून उभी होती आणि तो टेपचं दुसरं टोक भिंतीला दाबून धरत होता. असे ते दोघं एका बाथरूममध्ये किती वर्षांनी उभे होते. शेजारच्या खोलीतून टोवे फोनवर कुणाला तरी हसून काही सांगत होती. बिर्टे टेपवरचा आकडा वाचता वाचता म्हणाली, "तू एकदा काच पुसली होतीस. आपल्या फ्लॅटवर. आणि मी ती परत पुसली. तू बघत होतास."

"मी?" तो विचारात पडला. खरंच विचारात पडला, तिला दिसलं ते. "कधी गं?"

"तुला आठवत नाही?"

"नाही बुवा. मी कुठली काच पुसतोय. मी आळशी होतो तेव्हा, बिर्टे. एक नंबरचा. ही आजारी पडली आणि कुणीतरी करायलाच हवं होतं, म्हणून शिकलो. पहिल्यांदा तर मी ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र ओतलं, डोळे गेले असते दोघांचे." तो हसला. टेपचं टोक त्याच्या हातून सुटलं आणि सळ्ळकन तिच्याकडे परत आलं. इतकी वर्षं जपून ठेवलेलं ते आरशातलं दृश्य त्याच्या बाजूला नव्हतंच. तिनं एकटीनंच ते वागवलं होतं, एकटीच त्याच्यासमोर अपराधी होऊन उभी राहिली होती. ते ओझं गेलं असं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. ज्या दाराशी ती एवढी वर्षं उभी होती, तिथे दारच नाही असं कुणीतरी सांगितल्यासारखं वाटलं.

मग टोवेनं हाक मारली आणि तो गेला. उघड्या दारातून बिर्टेला दिसलं, तो खाली वाकला, टोवेनं न बोलता त्याच्या मानेभोवती हात टाकले, आणि त्यानं तिला खुर्चीतून पलंगावर ठेवलं. उचलताना टोवेनं त्याच्या कानामागचा तो डाग सहज चाटल्यासारखं काहीतरी केलं आणि तो "ए, लोक आहेत घरात," म्हणाला. बिर्टे पुन्हा भिंतीकडे वळली. टेप उघडून तिनं घेतलेलंच माप परत घेतलं.

चार-पाच दिवसांनी दुकानात त्याचा फोन आला. घराबाहेरून बोलत होता, मागे पाणपक्षी ओरडत होते. "बिर्टे, ती हिरवी टाइल. कुठूनतरी मिळव ना. कोपनहेगनहून आण, जर्मनीहून आण, मी गाडी घेऊन जाईन. ती काही बोलत नाही, म्हणते करडी छान आहे, पण तिनं त्या टाइलवर हात कसा ठेवला ते पाहिलंस ना तू? मला तिला ते पाणी द्यायचंय. उरलंय काय दुसरं माझ्याकडे द्यायला?"

इथे ती थांबू शकली असती. टोवेला फोन करून, तो ऐकत नाही, आता तूच ठरव, असं म्हणू शकली असती. बघते, एवढं म्हणून दोन दिवस मिळवू शकली असती. पुढे अनेकदा तिनं त्या फोनपाशी परत जाऊन उभं राहून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी तिला तेच आठवलं, की त्या क्षणी टोवेला दिलेला शब्द तिच्या डोक्यात मुळी नव्हताच. डोक्यात होतं ते त्याचं "मी घासेन." त्या बाईच्या हिरव्या टाइलांपुढे गुडघे टेकून बसलेला तो तिच्या डोळ्यांपुढे होता, आणि तिला ते बघवत नव्हतं.

"कारखानाच बंद पडला, प्रेबेन," ती म्हणाली. "कुठेच मिळणार नाही. शोधू नकोस."

हे टोवेनं सांगितलेलं नव्हतं. एवढा भाग तिचा स्वतःचा होता.

पाणपक्षी ओरडत राहिले. "बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस म्हणजे नसेलच."

उन्हाळा सरता सरता करडी पॅनेल बसली. टोवेनं स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात कार्ड पाठवलं, की शॉवर अगदी झकास झालाय, प्रेबेनला वायपर फिरवायला मिनिटसुद्धा लागत नाही आणि तो बावळटासारखा पुढे काय करू म्हणून उभा राहतो. बिर्टेनं ते कार्ड फ्रिजवर लावलं, मग काढून ठेवून दिलं. हिवाळ्यात, दिवस अगदी एवढासा झालेला असताना, टोवे गेल्याची बातमी तिनं स्थानिक वर्तमानपत्रात वाचली. अंत्यविधीसाठी चर्चला जावं असं तिला वाटलं. कोट घालून ती दारापर्यंत गेली. पण तिथे उभं राहायचं ते कोण म्हणून, हे तिला ठरवता आलं नाही, आणि तिनं कोट परत खुंटीला लावला.

मे महिन्यात तो दुकानात आला. रस्त्यावरच्या बीच जातीच्या झाडांना नुकती पालवी फुटली होती आणि दुकान उन्हानं भरलं होतं. सिलिकॉनची एक नळी हवी म्हणाला. बिर्टेच्या लक्षात आलं, सिलिकॉन लागावं असं अजून काही झालेलं असणं शक्य नव्हतं. तिनं त्याला खुर्ची दिली, गिऱ्हाइकांच्या मशीनमधली कॉफी आणून दिली. तो वाळला होता. शर्टाची कॉलर मानेपासून सुटी झाली होती.

"कसा आहेस?"

"बरा." तो कप फिरवत राहिला. "तुझी ती पॅनेल फार चांगली आहेत बघ. वायपर एकदा फिरवला की झालं. सगळा शनिवार पुढे पडलेला असतो. होडीवर जा म्हणतात लोक. गेलो एकदा. बसून आलो. घरी आलो की बाथरूममध्ये जातो, उभा राहतो, घासण्यासारखं काहीतरी असेल म्हणून शोधतो. नसतं. तिचा हात लागलेला एक डागसुद्धा नाही तिथं, बिर्टे. सगळं पुसलं गेलं."

बिर्टेकडे बोलण्यासारखं एकच होतं आणि ते बोलायचं नव्हतं.

"आत्ता मागच्या बाजूला गाडी लावली," तो तसाच कपाकडे बघत म्हणाला. "एक मिस्त्री गाडीत खोकी भरत होता. हिरवी मोझॅक. मी उतरून बघितली, तीच. खोक्यावर ह्या वर्षाची तारीख आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, ही कधी बंद नव्हतीच, गेली कित्येक वर्षं लावतोय."

दुकानात कुणीतरी नळ उघडझाप करून बघत होतं. बिर्टेला ऐकू येत होतं, आणि ती त्या आवाजाच्या आधारानं उभी होती. टोवेनं सांगितलं होतं. एवढं वाक्य. ते म्हटलं की तिचं सगळं सुटणार होतं, आणि त्याला त्याच्या बायकोची शेवटची माया हातात मिळणार होती. आणि आज संध्याकाळीच तो हातोडी घेऊन त्या करड्या भिंतीपुढे उभा राहणार होता, उद्यापासून ब्रश घेऊन. टोवे त्याला ओळखत होती. आणि शिवाय ते वाक्य पुरतं खरंही नव्हतं. बंद पडलेला कारखाना टोवेचा नव्हता.

"तू मुद्दाम दिली नाहीस ना?" त्यानं मान वर केली. "माझ्यावर राग होता म्हणून?"

"हो," बिर्टे म्हणाली.

तो ओरडेल असं तिला वाटलं. कप फेकेल, निदान उठून जाईल. पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिच्या अंदाजात कुठेच नव्हतं.

"तिला ती टाइल मिळायला हवी होती," तो म्हणाला. "त्याची माफी नाही. ते मी विसरणार नाही." मग हळू आवाजात, "पण एक सांगू? आपण घटस्फोटाची सही करून त्या कचेरीतून बाहेर आलो, तेव्हा तू हातमोजे घातलेस आणि म्हणालीस, माझी बस आली. एवढंच. मी त्या फुटपाथवर किती वेळ उभा होतो. मला वाटलं, हिला काहीच वाटलं नाही. इतकी वर्षं हिच्याबरोबर राहून आपण हिच्या आत कुठे नव्हतोच." त्यानं कप खाली ठेवला. "म्हणजे होतो. एवढा राग उरण्याइतका होतो."

"होतास," ती म्हणाली. हेही खरं होतं.

सिलिकॉन न घेताच तो निघाला. दारापाशी थांबून म्हणाला, "शनिवारी ये कधीतरी. कॉफी करीन. घर घाण आहे, ते आधीच सांगून ठेवतो." तिनं येईन म्हटलं. आणि त्या पहिल्याच शनिवारी ती खरोखर निघाली; बेकरीतून बन घेतले, केर्टेमिंदेच्या बसमध्ये खिडकीशी बसली. शेवटच्या थांब्यावर उतरून त्याच्या गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा तो अंगणात होता, टेबलावर कापड टाकत होता, वाऱ्यानं ते उडत होतं आणि त्याच्या कोपऱ्यांवर तो दगड ठेवत होता. दोन खुर्च्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. बिर्टे कुंपणाच्या झाडांआड उभी राहिली. त्या टेबलाशी बसल्यावर काय होईल ते तिला स्वच्छ दिसलं. पहिला कप हवापाण्यावर जाईल. तो टोवेबद्दल बोलू लागेल, ती ऐकेल. दुसऱ्या कपाला, फार तर तिसऱ्या शनिवारी, त्याची ती वाळलेली मान बघून ती टोवेनं सांगितलेलं सगळं सांगून टाकेल. आता आपण त्याच्यापासून इतके लांब राहिलो नाही की गप्प राहू शकू, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

ती मागे फिरली. परतीची बस यायला वेळ होता, म्हणून बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसली आणि पिशवीतला एक बन तिनं कोरडाच खाल्ला. त्या आठवड्यात त्याचा फोन आला. ती कामात आहे म्हणाली. महिन्याभरानं आणखी एकदा आला, तेव्हाही ती कामात आहे म्हणाली. "बरं," तो म्हणाला, "तुला जमेल तेव्हा." त्यानंतर त्यानं केला नाही, आणि तिनंही नाही.